पीठ बदलले, प्रमाण तेच

मधुमेह निघाला की घरात पहिला बदल होतो तो पिठाच्या डब्यात. भात बंद, पोळीऐवजी नाचणीची भाकरी, चहात साखरेऐवजी गूळ. भाकऱ्या मात्र तीनच्या तीनच राहतात. तीन महिन्यांनी तपासणी होते आणि साखर जिथल्या तिथे.

असे का होते, याचे उत्तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणात मिळते. त्यातील आहाराविषयीचे निष्कर्ष सप्टेंबर २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात आले. भारतीयांना सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळते, प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के. तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्याचे पीठ आणले, पण कर्बोदकांचे एकूण प्रमाण तेच ठेवले, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. २०२३ हे भरडधान्य वर्ष गाजवून झाल्यावर हे वाचणे जरा अवघडच. पाहणी एकवेळची असल्याने तिच्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. दिशा मात्र स्पष्ट आहे.

साधी कर्बोदके वाईट आणि जटिल चांगली, ही विभागणी शाळेच्या पुस्तकापुरती ठीक. साबुदाणा घ्या. तो जवळजवळ निव्वळ स्टार्च, म्हणजे रसायनशास्त्राच्या हिशेबात जटिल. पण त्यात तंतू नावालाच असल्याने त्याचे ग्लुकोज झपाट्याने होते. उपवासाच्या दिवशी साखर का वाढली, हा ओपीडीतला नेहमीचा प्रश्न. उत्तर खिचडीच्या ताटलीत असते. उलट अख्खी मटकी किंवा हरभरा सावकाश पचतो, कारण स्टार्च पेशींच्या आवरणात बंद असतो आणि सोबत तंतू व प्रथिने असतात. ज्वारीच्या दाण्यालाही असे आवरण असतेच. गिरणीतून बारीक दळून आणले की ते मोडते आणि पाचकरसांचे काम सोपे होते. गुळाबद्दल एवढेच, की त्यातही मुख्यतः साखरच.

त्याच अभ्यासात कर्बोदकांतली ५ टक्के ऊर्जा कडधान्ये, दूध-दही, अंडी किंवा मासे यांतून घेतल्यास धोका कमी दिसला. म्हणजे तीनऐवजी दोन भाकऱ्या आणि वाटीभर जास्तीची उसळ. सांगायला सोपे. पण रेशनवर सुमारे ८० कोटी लोकांना दरमहा माणशी ५ किलो धान्य मोफत मिळते, ते मुख्यतः तांदूळ आणि गहू. डाळ बाजारभावाने घ्यावी लागते. राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ची मार्गदर्शक तत्त्वे तृणधान्यांतून ४५ टक्क्यांहून अधिक ऊर्जा नको म्हणतात, आणि पिशवीत येते ते तृणधान्यच. मजुरी करणाऱ्या बाईला ‘डाळ वाढवा’ असे लिहून देणाऱ्याने तिच्या महिन्याच्या खर्चाचीही चौकशी करावी.

इन्सुलिन किंवा साखर झटकन उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर भात-भाकरी एकदम निम्म्यावर आणू नये; साखर खाली जाऊन चक्कर येते, कधी शुद्धही हरपते. औषधाची मात्रा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिने वाढवण्यापूर्वीही विचारावे.