तपासणी बायकोची, जोखीम नवऱ्याची : एचआयव्हीच्या चाचणीत पुरुष कुठंय?

परभणी : जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यात बाई गरोदर राहिली की नोंदणीच्या वेळी तिच्या रक्ताची एचआयव्ही चाचणी सुचवली जाते. ते बरोबरच आहे. आईचा संसर्ग वेळेत कळला आणि उपचार मिळाले तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली येतं. उपचारच नसले तर ते १५ ते ४५ टक्के असतं. पण यातून एक विचित्र गोष्ट घडते. घरात आजार आधी सापडतो तो बाईच्या रक्तात. मग सासर म्हणतं, "हिनंच आणला." तिचा रिपोर्ट आधी आला म्हणजे लागण आधी तिला झाली, असं होत नाही. नवऱ्याची चाचणी झालेलीच नसते, एवढाच त्याचा अर्थ.

गंगाखेड, पालम, सोनपेठकडून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्यांच्याकडं बोट दाखवायची सवय आहे, पण 'कोयता' म्हणजे बहुतेक वेळा नवरा-बायकोची जोडीच. एकटे बाहेर राहणारे वेगळेच असतात : ट्रकवरचे ड्रायव्हर-क्लीनर, बांधकामावरचे, हॉटेलात कामाला लागलेले, पुण्यात शिकायला गेलेली पोरं. अर्थात, कोण कुठं राहतो यावरून काहीच ठरत नाही. निरोधशिवाय संबंध आला का, एवढाच प्रश्न आहे. गावातल्या गावातही तो येतो.

जोखीम किती, याचे आकडे ऐकून माणूस बुचकळ्यात पडतो. जोडीदाराला लागण आहे, उपचार चालू नाहीत आणि निरोध नाही, अशा स्थितीत एका योनीसंबंधातून पुरुषाला लागण होण्याची शक्यता सरासरी १० हजारांत ४ आणि बाईला ८ धरतात. गुदसंबंधात ज्याच्या शरीरात प्रवेश होतो त्याला ती १३८पर्यंत जाते. पुरुष-पुरुष संबंधांवर आपल्याकडं कुणी बोलत नाही, पण हा आकडा त्यांनी लक्षात ठेवावा. ४ आणि ८ वाचून "मंग काय, काही होत नाही" असं म्हणणारे भेटतील. ही सरासरी आहे. गुप्तरोगाची जखम असेल, किंवा समोरच्याला नुकतीच लागण झालेली असेल, तर धोका बराच वाढतो आणि प्रत्येक वेळी नव्यानं घेतला जातो. समोरच्याला आजार आहे का, हे तोंडाकडं बघून कळत नाही. दुसरीकडं, एका ताटात जेवल्यानं, हात मिळवल्यानं किंवा डास चावल्यानं एचआयव्ही होत नाही. नियमित गोळ्यांनी ज्याच्या रक्तातला विषाणू दबून चाचणीत दिसेनासा झाला आहे, त्याच्याकडून संबंधातून लागण होत नाही.

खरी गफलत होते ती दिवसांच्या हिशोबात. घाबरलेला माणूस चौथ्या दिवशी ओळख नसलेल्या गावी, नांदेडला वगैरे, खासगी लॅबमध्ये जातो. रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि तो निर्धास्त होतो. चौथ्या दिवशीच्या त्या कागदाला काही अर्थ नाही. शरीरात प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडे लागतात. याला विंडो पिरियड म्हणतात. नेहमीच्या रॅपिड चाचणीत बहुतेकांची लागण महिना-दीड महिन्यात दिसते, तरी ३ महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावंच. मधल्या काळात निरोध वापरायचा आणि रक्तदान करायचं नाही. आजार कळावा म्हणून रक्तदान करणारेही आहेत. तो दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

चौथ्या दिवसाआधी मात्र एक संधी असते. लागण होऊ नये म्हणून द्यायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. त्या द्यायच्या का, हे डॉक्टर ठरवतात. म्हणून निरोध फाटला किंवा जबरदस्ती झाली तर थेट जिल्हा रुग्णालय गाठायचं, सोमवारची वाट बघायची नाही.

लक्षणांची वाट बघणं तर सगळ्यात वाईट. सुरुवातीचा ताप साध्या तापासारखाच असतो, पुढं कित्येक वर्षं काही जाणवत नाही. तोवर घरातली बाई गरोदर राहते आणि तिचं रक्त तपासलं जातं.

सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत चाचणी आणि समुपदेशन फुकट आहे. एका चाचणीवर कुणाला पॉझिटिव्ह ठरवत नाहीत. वेगवेगळ्या ३ चाचण्या जुळाव्या लागतात. १० सप्टेंबर २०१८पासून लागू असलेल्या कायद्यानं संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, निकाल गुप्त ठेवावा लागतो आणि लागण आहे म्हणून नोकरीवरून काढता येत नाही. कायदा चांगला आहे. पण ग्रामीण रुग्णालयात त्या दारासमोरच्या बाकड्यावर आपल्याच गावचा माणूस बसलेला असतो, त्याचं काय? पुरुष तिथूनच माघारी फिरतो. यावर दुसऱ्या तालुक्यात जाणं हा रास्त मार्ग आहे. चाचणीला गावाची अट नाही. पुण्यात किंवा कारखान्यावर असलेल्यानं तिथल्याच सरकारी रुग्णालयात जावं.

१ डिसेंबरला शहरात जनजागृतीची फेरी निघते, तेव्हा टोळ्या फडात असतात. पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये लोक गावी येतात, मृगाच्या पेरणीपर्यंत थांबतात. लग्नसराईसाठी बाहेरची पोरंही तेव्हाच येतात. तपासणीची शिबिरं एप्रिल-मेमध्ये घ्यावीत, आणि बायकोच्या गरोदरपणाच्या नोंदणीला नवऱ्यालाही सोबत बोलवावं. विचारायचं असेल पण दारात जायची हिंमत होत नसेल, तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.