चौथं नाव

गेल्या श्रावणात आमच्या सुनेने एक पेपर लिहून पुरा केला. पेपर म्हणजे परीक्षेचा नव्हे. डॉक्टर मंडळी संशोधन करून वैद्यकीय नियतकालिकाकडे जो लेख पाठवतात, त्याला ती पेपर म्हणतात. मी बी. ए. मराठी. त्यातलं वैद्यक मला काय कळणार? पण त्या लेखाच्या पहिल्या पानावर जे घडलं ते मला चांगलंच कळलं. कारण तसंच एकदा माझ्या बाबतीत घडून गेलं होतं, आणि तेव्हा मी गप्प बसले होते.

सून स्त्रीरोगतज्ज्ञ. इंदूरजवळच्या एका मेडिकल कॉलेजात शिकवते. गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी का असतं, गोळ्या देऊनही ते का वाढत नाही, यावर तिने चौदा महिने काम केलं. विषय तिचा. एथिक्स कमिटीपुढे अर्ज घेऊन तीच उभी राहिली. ओपीडीत आलेल्या एकेका बाईला हिंदीत, आणि हिंदी अंगावर येत असेल तर मोडक्यातोडक्या मालवीत, संमतीपत्र समजावून सांगितलं तेही तिनेच. रात्री बाळ झोपलं की आमच्या जेवणाच्या टेबलावर रजिस्टरं उघडायची. मी चष्मा लावून आकडा मोठ्याने वाचायची, ती संगणकावर ताडून पाहायची. आठ पूर्णांक दोन. नऊ पूर्णांक एक. एका रात्री सहा पूर्णांक चार आला आणि दोघीही क्षणभर थांबलो. आकडा म्हणजे बाई असते, हे मला त्या टेबलाशी कळलं.

मग लिहिणं सुरू झालं. प्रस्तावना, पद्धत, निष्कर्ष, चर्चा, असे ठरलेले भाग. सगळ्याचं सार अडीचशे शब्दांत. संदर्भ त्या नियतकालिकाला हवे त्याच क्रमाने, त्याच विरामचिन्हांनी. तक्त्यातली बेरीज मजकुरातल्या बेरजेशी जुळली पाहिजे. संपादकांना पत्र वेगळं. नावांचं पान वेगळं, कारण लेख तपासणाऱ्याला तो कुणी लिहिला हे कळू नये. मला गंमत वाटली. आपल्याकडे पापडाचं पीठ मळतानाही इतका काटेकोरपणा नसतो!

सगळं झाल्यावर ती फाईल विभागप्रमुखांकडे घेऊन गेली. त्यांनी कौतुक केलं. स्वल्पविरामही बदलला नाही. बदललं फक्त नावांचं पान. पहिलं नाव त्यांचं. दुसरं एका सहकाऱ्याचं, ज्यांनी रजिस्टर उघडूनही पाहिलेलं नाही. तिसरं एका तरुण डॉक्टरचं, जो काम संपल्यावर विभागात रुजू झाला आणि ज्याच्या वडिलांशी सरांचा घरोबा आहे. चौथं आमच्या सुनेचं.

"नाव आहे ना तुझं? मग झालं तर," सर म्हणाले.

आता चौथं म्हणजे काय ते सांगते, कारण हे बाहेरच्यांना कळत नाही. मेडिकल कॉलेजातल्या शिक्षकाला बढती हवी तर छापलेले पेपर दाखवावे लागतात. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या नियमात पहिल्या तीन लेखकांचा, किंवा संपादकांशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाचा, पेपर मोजला जातो. चौथ्याचा नाही. म्हणजे चौदा महिने राबलेल्या बाईच्या खात्यात शून्य, आणि जो आलाच नव्हता त्याच्या खात्यात एक. चौथं नाव म्हणजे लग्नपत्रिकेतलं 'समस्त परिवार'. वाचतं कोण?

ती घरी आली, पर्स टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. आणि मी, जी स्वतःला लेखिका म्हणवते, काय म्हणाले असेन? "जाऊ दे गं. मोठे आहेत. पुढच्या वेळी बघू."

ती म्हणाली, "आई, तुम्हीपण?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. तीसेक वर्षांपूर्वी आमच्या एका संस्थेची स्मरणिका निघाली होती. म्हाताऱ्या बायकांकडे बसून जुन्या हकिगती टिपून घेतल्या मी. दोन उन्हाळे त्यात गेले. पुस्तक आलं तेव्हा संपादक म्हणून एका विश्वस्तांचं नाव होतं, आणि शेवटच्या पानावर 'महिला मंडळाच्या भगिनींचे सहकार्य लाभले'. घरातल्यांनी मला सांगितलं, जाऊ दे. मी जाऊ दिलं. माझ्या सासूबाईंनी मला जे दिलं तेच मी माझ्या सुनेला देत होते. दागिने द्यावेत तसं.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, याला काही नियम असतील ना? होते. १९७८ मध्ये काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या व्हँकूव्हरला जमले. त्यातून त्यांची आंतरराष्ट्रीय समिती झाली. तिचे नियम जगभरची नियतकालिकं मानतात. लेखक कोण, याच्या चार अटी आहेत. एक, अभ्यासाची आखणी, माहिती जमवणं किंवा तिचा अर्थ लावणं यात भरीव वाटा हवा. दोन, लेख लिहिण्यात किंवा त्यात मोलाची दुरुस्ती करण्यात हात हवा. तीन, अंतिम मसुदा वाचून मान्यता दिलेली हवी. चार, उद्या कुणी शंका काढली तर उत्तर द्यायची तयारी हवी. चारही हव्यात, एखादी नाही. नुसता निधी मिळवून दिला, नुसतं विभागाचं प्रमुखपद आहे, नुसती वरवर देखरेख केली, तर लेखक नव्हे. त्यांचे आभार मानावेत.

हा नियम दोन्हीकडून कापतो, हेही सांगते. सून म्हणत होती, आई, आभारात तुमचं नाव घालते. मी म्हटलं, घाल, पण 'आकडे वाचून दाखवले' एवढंच घाल. तेवढंच मी केलंय.

आता आपल्या घरातल्या भाषेत बोलू. लहानपणापासून पाठशाळेत आपण अणुव्रतं म्हणतो. त्यात अचौर्य आहे, आणि चोरीला आपल्याकडे शब्द आहे अदत्तादान. न दिलेलं घेणं. किती बारीक शब्द आहे पाहा! घर फोडायला नको, कुलूप तोडायला नको. दिलं नाही ते घेतलं, की झालं. कुणी म्हणेल, तिने सही केली म्हणजे तिने दिलंच की. भीतीने दिलेलं ते दिलेलं असतं का? बढतीची फाईल ज्याच्या टेबलावर आहे त्याला 'नाही' म्हणता येत नाही, म्हणून निघालेलं 'हो' दान होतं का? अचौर्याचे अतिचारही आपल्याला पाठ आहेत. खोटं माप, मालात भेसळ, चोरीचा माल घेणं. दुकानात तराजूचा काटा हलला तर आपले बापजादे रात्री जेवत नसत. आणि इथे शिकलेली माणसं नावांच्या यादीत भेसळ करतात, तिसऱ्या नावाचा तरुण चोरीचा माल हसत घेतो, आणि आपण त्याला पेढे देतो.

मी हे चार ठिकाणी बोलले. उत्तरं ठरलेली आली.

पहिलं : सगळीकडे असंच चालतं. चालत असेल. हुंडाही सगळीकडे चालत होता.

दुसरं : मोठं नाव असलं की पेपर लवकर छापतात. अहो, अनेक नियतकालिकांत तपासणाऱ्याला नावं दाखवतच नाहीत! त्यासाठीच तर ते पान वेगळं. मग मोठं नाव कुणाला दाखवायचंय?

तिसरं : विभाग त्यांचा, सोयी त्यांच्या. बरोबर. त्यासाठी आभाराचा परिच्छेद आहे. ज्याच्या ओट्यावर स्वयंपाक केला तो स्वयंपाकी होत नाही.

चौथं उत्तर बायकांकडून आलं, म्हणून ते जास्त लागलं : त्याग करावा, क्षमा करावी, आपल्या धर्मात तेच सांगितलंय. भगिनींनो, त्याग स्वतःच्या वस्तूचा करतात, आणि मोकळ्या मनाने करतात. हिसकावून घेतलेल्याला त्याग म्हणणं म्हणजे चोराची सोय. क्षमाही करावी, क्षमावाणीला मी त्या सरांची मनात क्षमा मागितली आणि केलीही. पण क्षमा केली म्हणून खोट्या कागदावर सही करायची असते, असं कुठल्या व्रतात आहे? अचौर्य जितकं आपलं, तितकंच सत्यही आपलंच.

आणि हा फक्त मानापमानाचा प्रश्न नाही. चौथी अट पुन्हा पाहा : उत्तर देण्याची तयारी. २०२३ मध्ये त्याच समितीने स्पष्ट केलं की लेख लिहिणाऱ्या संगणकी यंत्राला लेखक म्हणता येणार नाही, कारण यंत्र जबाबदारी घेऊ शकत नाही. मग ज्या माणसाने रजिस्टर पाहिलंच नाही तो कसली जबाबदारी घेणार? उद्या कुणी विचारलं, सहा पूर्णांक चारवाल्या बाईचं पुढे काय झालं, तर पहिलं नाव काय सांगणार? ते माझ्या सुनेलाच ठाऊक आहे.

या शहराने तर हा धडा महाग शिकलाय. औषधांच्या चाचण्यांवरून इंदूरात केवढं वादळ झालं! इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २०१३ मध्ये चाचणीसाठी संमती घेताना तिचं चित्रण करण्याचा आदेश झाला. का? तर कागदावरची सही खरी आहे का, हे कळावं म्हणून. पेशंटच्या सहीबद्दल इतकी काळजी, आणि डॉक्टरांच्या नावांबद्दल काहीच नाही? ती बाई अंगठा उठवते ते समोर बसलेल्या डॉक्टरच्या चेहऱ्याकडे पाहून. तोच चेहरा चौथ्या ओळीत ढकलायचा, ही त्या बाईशीही फसवणूक आहे.

नावं खरी लावली म्हणजे काय होतं, याचं उदाहरण आपल्या मराठी मुलखातच आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. शंभरातल्या ब्याण्णव बायकांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. आणि यापूर्वी अशी तपासणी झालेल्या बायका? शंभरात आठ. तो पेपर जानेवारी १९८९ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, आणि बाईचं आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण आणि कुटुंबनियोजन नव्हे, हे जगाला मानावं लागलं. लेखकांची सहा नावं आहेत. पहिलं राणी बंग यांचं, नवऱ्याचं दुसरं. त्या स्त्रीरोगतज्ज्ञ. जे दुखणं बाई नवऱ्यालाही सांगत नाही ते बायकांनी बाईला सांगितलं, म्हणून तो पेपर झाला. कुणी शंका काढली असती तर पहिल्या नावाकडे उत्तर होतं.

आता आमच्याकडे काय झालं ते. मी सुनेला सांगितलं, भांडू नकोस, हिशेब मांड. आपण वाण्याच्या घरातल्या बायका, हिशेब आपल्याला येतो. तिने एका कागदावर रकाने आखले : आखणी कुणाची, परवानगी कुणी आणली, माहिती कुणी जमवली, लिहिलं कुणी. प्रत्येकापुढे नाव. नियतकालिक असा तक्ता मागतंच. तो तिने विनयाने सरांना ईमेल केला आणि लिहिलं, कृपया प्रत्येकाने आपापला रकाना भरावा. त्या तरुणाने परस्पर आपलं नाव मागे घेतलं. दुसऱ्या सहकाऱ्यांनी उत्तर दिलं नाही. सर अजून पहिल्या जागेवर अडून आहेत आणि सुनेशी कामापुरतं बोलतात. पेपर अजून गेलेला नाही. संगणकात पडून आहे. बढती एक वर्ष लांबेल. आमच्या ह्यांचं मत, मी उगाच आगीत तेल ओतलं.

असेल. पण ज्यांच्या लेकीसुना या वाटेवर आहेत त्यांना मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. नावांचा क्रम काम सुरू होतानाच ठरवून लेखी ठेवा. पेपर पाठवल्यावर नाव घालायचं वा काढायचं तर सगळ्या लेखकांच्या सह्या लागतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो. आणि संपादक सोडवतील या भरवशावर राहू नका. नावांचा तंटा ते संस्थेकडेच परत पाठवतात. म्हणजे लढायचं ते इथेच, आपल्याच माणसांत.

आणि तिसरी गोष्ट फक्त सासवांसाठी. ती घरी येऊन पर्स टेबलावर ठेवील तेव्हा 'जाऊ दे' म्हणू नका. ते दोन शब्द माझ्या तोंडून एकदा गेले. तिने मला माफ केलंय, पण मी ते विसरलेली नाही.