दोन बाटल्या, दीड लिटर
पुण्याहून महाबळेश्वरला सायकलने निघायचं तर वाटेत कात्रज, खंबाटकी आणि पसरणी हे तीन घाट लागतात, तरी नवी मंडळी महिनाभर गिअरचा विचार करतात आणि बाटली मात्र घरातली उचलतात. घरातली स्टीलची बाटली स्टँडमध्ये खडखडते आणि तिचं झाकण फिरवायला दोन्ही हात लागतात. रहदारीत हे धोक्याचं आहे. सायकलची बाटली मऊ हवी, एका हाताने दाबली की धार थेट तोंडात पडणारी. माझं म्हणाल तर ७५० मिलिलिटरच्या दोन घ्या. एकीत लिंबू-मीठ-साखर, दुसरीत साधंच पाणी. उन्हात मानेवर ओतायला, खरचटलेला गुडघा धुवायला सरबत चालत नाही. दुहेरी भिंतीची बाटली पाणी जास्त वेळ गार ठेवते, पण तेवढ्याच आकारात पाणी कमी मावतं. तोंड रुंद असावं, ब्रश तळापर्यंत जायला हवा. झाकणाची चोचही रोज उघडून धुवा, बुरशी तिथेच लपते. फ्रेम लहान असेल तर मोठी बाटली बसते का, हे दुकानातच लावून बघा. आणि वाई सोडण्याआधी दोन्ही काठोकाठ भरून घ्या. पुढे पाचगणीपर्यंत चढच आहे.