पुढचा ब्रेक आणि मागाहूनची अक्कल



विषय पाहून काही जण हसतील. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या मास्तराने मोटरसायकलच्या ब्रेकवर कशाला लिहावे? त्याचे कारण घरातच आहे. माझ्या पुतण्याच्या मुलाने जुनी राजदूत ३५० घेतली आहे. रंग झाला, इंजिन उघडून झाले, आता दिवाळीनंतर गगनबावड्यावरून घाट उतरून गोव्याला जायचे मनसुबे चालू आहेत. आणि पुढच्या चाकाला अजून तोच चाळीस वर्षांपूर्वीचा ड्रम ब्रेक! तो बदलून डिस्क बसवावी असे मी म्हटले, तर घरात आणि मित्रमंडळींत तीन तऱ्हेचे विरोधक उभे राहिले. तोंडी वाद घालून माझा घसा बसला. म्हणून आता लेखी.

आधी गाडीची ओळख, नव्या पिढीसाठी. यामाहाची आरडी ३५० जपानमध्ये १९७३ साली आली. टू-स्ट्रोक, दोन सिलेंडर, ३४७ सीसी, सहा गिअर. आपल्याकडे एस्कॉर्ट्सने ती फरीदाबादला राजदूत ३५० या नावाने १९८३ पासून काढली. पहिली 'हाय टॉर्क' गाडी साधारण ३० अश्वशक्तीची, नंतरची 'लो टॉर्क' २७ ची. त्या काळच्या बुलेटला जेमतेम १८! ज्या रस्त्यांवर लुना आणि स्कूटर हेच वाहन होते, तिथे हे जनावर सोडले गेले. आरडी म्हणजे 'रॅपिड डेथ' असे पोरे तेव्हाच म्हणू लागली होती. कोल्हापूरकरांना काय, पैलवान आणि मोटरसायकल दोन्ही लाडके. आमच्या गावातही ती नावाजली.

आता पहिला विरोधक. हा शौकीन गृहस्थ. त्याचे म्हणणे, "सर, डिस्क लावली की गाडीचा अस्सलपणा गेला. कंपनीने दिले तेच हवे."

इतिहासाचा मास्तर आहे मी, अस्सल कागद आणि नक्कल यातला फरक मला शिकवू नका. गंमत अशी, की १९७३ च्या मूळ जपानी आरडी ३५० ला पुढे डिस्कच होती! होंडाने तर १९६९ मध्येच सीबी ७५० ला पुढे हायड्रॉलिक डिस्क दिली होती. भारतात गाडी आली तेव्हा मात्र तिची डिस्क निघाली आणि ड्रम आला. म्हणजे ज्याला हे गृहस्थ अस्सल म्हणतात, ती आधीच एक काटछाट आहे. मूळ पोथीतून कोणीतरी चार ओव्या गाळल्या, आणि हे त्या गाळलेल्या प्रतीची पूजा करत बसलेत. मग डिस्क बसवणे हा पाठभेद की शुद्धिपत्र? तुम्हीच ठरवा.

त्या ड्रमची बाजू मी अप्रामाणिकपणे मांडणार नाही. त्यात दोन लीडिंग शू असतात, म्हणजे चाक फिरते तसे ते दोन्ही शूंना आत ओढून घेते आणि पकड वाढते. नवे लायनर, नीट जुळवलेला दुवा, सपाट रस्ता, एखाद-दुसऱ्यांदा दाबणे... काम चांगले होते. पण घाट उतरताना वारंवार ब्रेक लागला की ड्रम तापतो, तापून प्रसरण पावतो, शूपासून दूर सरकतो. लायनरही तापून गुळगुळीत होतात. लिव्हर हँडलकडे येत जाते आणि गाडी काही थांबत नाही. पावसाळ्यात पाणी आत गेले की ते लवकर बाहेर येत नाही. चढावर गाडी मागे घरंगळू लागली तर चाक उलटे फिरते आणि दोन्ही शूंची ती जादा ओढ नाहीशी होते. उलट डिस्क उघड्यावर असते. तिला वारा लागतो, पॅड पाणी पुसून टाकतात.

त्यात ही गाडी टू-स्ट्रोक. फोर-स्ट्रोकमध्ये थ्रॉटल सोडला की इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढते. हिच्यात ती ओढ फारच थोडी. म्हणजे घाटात सगळा भार ब्रेकवरच. ज्या गाडीला ब्रेकची गरज सर्वांत जास्त, तिलाच ब्रेक सर्वांत बेताचा! याला काय म्हणायचे?

दुसरा विरोधक घरातलाच, खुद्द नातू. त्याला विरोध म्हणणे बरोबर नाही, त्याचा अग्रक्रम उलटा आहे. "आबा, आधी पोर्टिंग आणि नवे सायलेंसर करू, ब्रेक नंतर बघू." पिकअप आधी, थांबणे नंतर. मी त्याला फळ्यावरचे गणित सांगितले. ते तुम्हालाही सांगतो. थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तोच ब्रेक, तोच रस्ता धरला तर ६० च्या वेगाला जेवढे अंतर लागते, त्याच्या पावणेदोन पटींहून जास्त ८० ला, आणि पावणेतीन पटींहून जास्त १०० ला. आणि हे ब्रेक लागल्यानंतरचे. समोर म्हैस दिसून हात लिव्हरवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर ६० च्या वेगाला गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे आपल्या जुन्या शाळेतले दोन वर्ग आणि वर व्हरांडा! इंजिनची ताकद वाढवून ब्रेक तसाच ठेवणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला अधिक खोल पाण्यात सोडणे. खर्च एकदाच करायचा असेल तर आधी ब्रेकवर कर, मग उरलेल्या पैशात आवाज काढ हवा तेवढा.

तिसरा विरोध मात्र सर्वांत जुना आणि सर्वांत प्रेमळ. सूनबाई म्हणतात, "काका, ब्रेक कशाला बदलायचा? पुढचा ब्रेक दाबायचाच नाही. उलटतो माणूस. मागचाच वापरायचा."

हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. सायकल शिकवताना वडील सांगतात, मग मोटरसायकल शिकवताना मामा सांगतो. त्यामागे काळजी आहे हे मला कळते, पण शास्त्र उलटे सांगते. ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते. मागचे चाक हलके होते, जोरात दाबले की घसरते. पुढच्या चाकावर भार आल्यामुळे तेच रस्ता घट्ट धरते. थांबवण्याचे बहुतांश काम पुढचाच ब्रेक करतो. उलटतो तो माणूस घाबरून एकदम आवळल्यामुळे, वळणात गाडी कललेली असताना दाबल्यामुळे, किंवा वाळूवर दाबल्यामुळे. त्यावर उपाय सराव. मोकळ्या मैदानात, सरळ गाडीवर, आधी हलके आणि मग चढत्या दाबाने लिव्हर ओढायची. चांगल्या डिस्कचा खरा फायदा हाच, की दोन बोटांनी दाब मोजून देता येतो. वर्गात छडी आपटणे आणि आवाजाने वर्ग ताब्यात ठेवणे यात जो फरक, तोच.

आता माझ्याच बाजूच्या लोकांना चार शब्द. डिस्क बसवा म्हटले की काही मंडळी भंगारातून एक कॅलिपर, दुसऱ्या गाडीचा मास्टर सिलेंडर आणि तिसऱ्याची डिस्क आणतात, उद्यमनगरात लेथवर एक पट्टी कापून वेल्डिंग मारतात आणि झाले म्हणतात. हा ड्रमपेक्षा वाईट प्रकार! मास्टर सिलेंडर आणि कॅलिपरचे पिस्टन यांचे प्रमाण जुळावे लागते. वरचा सिलेंडर फार मोठा झाला तर लिव्हर लाकडासारखी कडक लागते आणि पकड येत नाही. फार लहान झाला तर लिव्हर हँडलला टेकते. म्हणून शक्यतो एकाच गाडीचा पूर्ण संच घ्यावा. रबरी होज जुना असेल तर दाबाखाली फुगतो, तिथे स्टीलच्या जाळीचा नवा घालावा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून फुटलेल्या सीलची जुनी बाटली वापरू नये, आणि गाडीतले ऑइल दोन वर्षांत बदलावे. हवा पूर्ण काढावी. नव्या पॅडना बसायला वेळ द्यावा. कॅलिपर धरणारा ब्रॅकेट जाड आणि नीट मशीन केलेला हवा, कारण सगळा झटका तोच झेलतो.

आणि साखळीतली बाकीची कडी? ब्रेक चाक थांबवतो, गाडी टायर थांबवतो. दहा वर्षांचा चिरा पडलेला टायर ठेवून डिस्क लावणे म्हणजे तुटक्या पाटीवर सुवाच्य अक्षर. पुढच्या शॉकअपचे ऑइल, हँडलचा कोन सेट, चाकाचे बेअरिंग, सगळे आधी तपासा. जुने ब्रेक शू काढताना ड्रममधली धूळ फुंकून उडवू नका, त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा.

उरला कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितले. म्हणून काम करण्यापूर्वी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारावे, लेखी उत्तर मागावे. पण मला एक प्रश्न पडतो. याच सरकारने एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचे केले. म्हणजे चांगला ब्रेक जीव वाचवतो हे मान्य आहे. मग जुन्या गाडीच्या मालकाने स्वखर्चाने चांगला ब्रेक लावला, तर तो तपासून नोंद करून देण्याची सोपी वाट का नसावी? जर्मनीत टीयूव्हीसारख्या संस्था असे बदल तपासून प्रमाणपत्र देतात. कर्कश सायलेंसर लावणारा आणि ब्रेक सुधारणारा एकाच संशयाने पाहिले जाऊ नयेत, एवढीच मागणी.

अस्सलपणावाल्यांशी मी तडजोडीला तयार आहे. मूळ शॉकअप कापू नका, फ्रेमला वेल्डिंग लावू नका. ड्रमचे चाक तेल लावून गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा. २०२१ च्या नियमांनुसार गाडी व्हिंटेज ठरायला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे लागतात आणि ती मूळ रूपात असावी लागते. ही गाडी तिथे पोचेल २०३३ च्या पुढे. तेव्हा खुशाल ड्रम परत चढवा, प्रदर्शनात ठेवा, हार घाला. जी गाडी जागची हलणार नाही तिला कुठलाही ब्रेक चालतो.

पण जी घाट उतरणार आहे, तिला थांबता आले पाहिजे. घरच्यांनी हे वाचून आपले मत मला कळवावे, फोनवर नको, लिहून. विरोध असेल तर कारणासह. "आमच्या वेळी चालत होतं" हे कारण धरले जाणार नाही. आमच्या वेळी जे रस्त्यावरच राहिले, ते आज मत द्यायला येऊ शकत नाहीत.