घाबरल्या जिवाला गावातच सोबत हवी

छातीत धडधड सुरू होते, दरदरून घाम फुटतो, श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या येतात आणि आता आपण मरणार याची खात्रीच पटते. घरचे घाईघाईने दवाखान्यात नेतात. ईसीजी निघतो, तो नॉर्मल येतो. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका,’ एवढे ऐकून माणूस घरी परततो. काही दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. मग कुणी सलाईन लावून आणतो, कुणी ‘बाहेरचं’ म्हणून गंडादोरा बांधतो. पॅनिक अटॅक येणाऱ्या अनेकांची पहिली काही वर्षे अशीच जातात. ‘काही नाही’ हे त्यांच्या दुखण्याचे निदान नव्हे. दुखणे खरेच असते, फक्त ते हृदयाचे नसते.

या झटक्यामागचे चक्र आता चांगले उलगडले आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये ते नेमके मांडले. छाती जराशी धडधडते. माणूस तिचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ असा लावतो. भीतीने धडधड आणखी वाढते. वाढलेली धडधड भीतीला दुजोरा देते. त्यात श्वास भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि चक्कर, मुंग्या सुरू होतात. झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला पोहोचतो आणि मग आपोआप ओसरतो. खरे नुकसान पुढे होते. पुन्हा झटका येईल या धास्तीने माणूस एसटीत बसत नाही, बाजाराला जात नाही, लग्नकार्य टाळतो.

हे चक्र रुग्णाला स्वतः तोडता येते. ऑस्ट्रेलियन डॉक्टर क्लेअर वीक्स यांनी १९६२ मध्ये सामान्य वाचकांसाठी याच विषयावर पुस्तक लिहिले. भीतीशी झुंजू नका, तिच्यापासून पळू नका, ती येऊन जाऊ द्या, हे त्यांच्या सांगण्याचे सार. आजचे स्वयंमदत कार्यक्रमही याच दिशेने जातात. आधी झटक्याचे शास्त्र समजून घ्यायचे. झटका कधी आला, तेव्हा मनात काय आले, पुढे प्रत्यक्षात काय घडले याची नोंद ठेवायची. श्वास संथ करायला शिकायचे. मग टाळलेल्या गोष्टींकडे एकेक पायरी परतायचे: पहिल्यांदा नुसते वर्धा बसस्थानकावर थांबायचे, मग सोबत कुणाला घेऊन सेलूपर्यंत जायचे, मग एकट्याने, आणि शेवटी नागपूर.

कागदावर हे सोपे दिसते. पण पुस्तक किंवा मोबाइलवरचा कार्यक्रम एकट्याच्या हाती दिला, की बरेच जण तो अर्ध्यावर सोडतात. आठवड्यातून एकदा कुणी ‘कसं चाललंय?’ एवढे विचारले, तरी तो पूर्ण होण्याची शक्यता वाढते. विचारणारी व्यक्ती मानसोपचारतज्ज्ञच असली पाहिजे असे नाही, आणि वर्ध्यासारख्या जिल्ह्यासाठी हाच मुद्दा कळीचा आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, १२ राज्यांत, चिंता-नैराश्यासारखे आजार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचाराबाहेर आढळले. तज्ज्ञांच्या ओपीडीतून ही दरी भरणार नाही.

भरण्याचा रस्ता कुठून जातो, ते शेजारी दिसले आहे. वर्धा नदीपलीकडच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी ताणाबद्दल लोकांशी बोलणे सुरू केले आणि गरज असेल त्यांना पुढच्या उपचाराशी जोडून दिले. दीड वर्षात नैराश्यग्रस्तांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त प्रसिद्ध झाले.

‘पण आमच्या बायांना लिहिता-वाचता येत नाही,’ ही अडचण सांगितली जाते. तिचेही उत्तर मिळालेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेला एक स्वयंमदत कार्यक्रम युगांडातील दक्षिण सुदानी निर्वासित स्त्रियांसोबत तपासला गेला. आधीच ध्वनिमुद्रित केलेली पाच सत्रे, चित्रांची एक पुस्तिका, २०-३० जणींचा गट आणि थोडे प्रशिक्षण घेतलेली गटप्रमुख, एवढ्यावर तो चालला. जवळपास ७०० स्त्रियांच्या या चाचणीत तीन महिन्यांनंतर गटातल्या स्त्रियांचा मानसिक त्रास इतरांपेक्षा कमी आढळला.

असे गट वर्ध्यात नव्याने उभारावे लागणार नाहीत. आठही तालुक्यांत महिलांचे बचत गट आहेत, त्यांच्या बैठका भरतात. आशाताई घरोघरी जातात. शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठीच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात त्यांना तणावग्रस्त कुटुंबे शोधण्याचे काम दिले गेले होते. सावंगी आणि सेवाग्राम येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. १९६९ मध्ये सुरू झालेल्या सेवाग्रामच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. याच परिसरात शेतकऱ्यांनी ज्वारी देऊन आरोग्य विमा चालवला. या जिल्ह्यातल्या गावांना आरोग्याचे काम सामूहिकपणे करणे नवे नाही. नाही तो फक्त भीतीवरचा, इथल्या वऱ्हाडी बोलीतला, ऐकता येईल असा कार्यक्रम.

तो करताना दोन पथ्ये पाळावीच लागतील. पहिल्या झटक्याला डॉक्टरांची तपासणी हवी, कारण हृदयविकार, थायरॉइड, रक्तक्षय यांतही धडधड होते. छातीतले प्रत्येक दुखणे मनावर ढकलणे जिवावर बेतू शकते. आणि आत्महत्येचे विचार, दारूचे व्यसन किंवा खोल नैराश्य असेल, तर स्वयंमदतीवर न थांबता त्या माणसाला थेट तज्ज्ञांकडे न्यायला हवे. तोवर २४ तास मोफत बोलण्यासाठी १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक आहे.

सुरुवात लहान असावी. जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक आणि दोन्ही महाविद्यालयांचे मानसोपचार विभाग यांनी मिळून एका तालुक्यातल्या काही बचत गटांत पाच-सहा आठवड्यांचा वर्ग चालवावा. पुरुषांसाठी वेगळा गट हवा, कारण कर्ज आणि कापसाच्या भावाने झोप उडालेला शेतकरी बायकांच्या बैठकीत बोलणार नाही. गट चालवणाऱ्या आशाताईला या कामाचा वेगळा मोबदला मिळावा. आधीच वाढलेल्या तिच्या कामांच्या यादीत हे फुकटचे काम घुसवू नये. वर्षाअखेरीस किती जणांनी वर्ग पूर्ण केला, किती जण पुन्हा एसटीने प्रवास करू लागले आणि किती जणांना तज्ज्ञांकडे पाठवले, हे तीन आकडे जाहीर करावेत आणि त्यांवरूनच पुढचा तालुका घ्यायचा की नाही हे ठरवावे.