जहाजावरची पोस्त



आम्हा खानदेशी माणसांचा पाण्याशी संबंध तसा बेताचाच. धुळ्याला पांझरा, जळगावला गिरणा, नि फार लांब गेलं तर तापी. त्यातही पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसणार. तरी हल्ली आमच्या कॉलनीत कोणाच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली की मुलं आईवडिलांना क्रूझवर पाठवतात. पूर्वी काशीला पाठवत. २०२१ पासून मुंबईहूनही कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' जहाज गोवा, लक्षद्वीपकडे जाऊ लागलं, त्यामुळे ज्यांना पासपोर्टाची कटकट नको तेही निघाले. आम्ही दोघं गेल्या दिवाळीनंतर सिंगापूरहून तीन रात्रींची सफर करून आलो. तेव्हापासून धुळ्याच्या माहेरचे, भुसावळचे व्याही, पुण्याचा भाचा, सगळ्यांचा फोनवर एकच प्रश्न : "तिथे टिप किती द्यायची?" समुद्र कसा होता हे फारसं कोणी विचारत नाही!

प्रत्येकाला वेगळं सांगून माझा घसा बसला, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी रीत सांगते. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. खोलीचं एक कार्ड देतात, जे घ्याल ते त्यावर मांडलं जातं. त्याच खात्यात रोज माणशी एक ठरावीक रक्कम आपोआप पडते. तिला ते ग्रॅच्युइटी म्हणतात. (आपल्याकडे ग्रॅच्युइटी म्हणजे निवृत्तीनंतर मिळते ती. आमच्या ह्यांना वाटलं, इथे आपल्यालाच काही मिळणार आहे.) अमेरिकी मोठ्या कंपन्यांत ही रक्कम साधारण १६ ते २० डॉलर असते, रोज, माणशी. आशियातल्या जहाजांचे दर वेगळे. १८ डॉलर धरले तर नवराबायकोचे तीन रात्रींचे १०८ डॉलर, म्हणजे नऊ हजार रुपयांच्या वर. दारू पिणाऱ्यांच्या बिलावर आणखी वेगळी टक्केवारी. त्याबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही.

ही आपोआप पडणारी रक्कम एका माणसाची नसते. खोली आवरणारा, जेवण वाढणारा, त्याच्या हाताखालचा, आणि पुष्कळ कंपन्यांत धोबीखान्यात नि भटारखान्यात राबणारी, प्रवाशाला कधीच न दिसणारी माणसं, अशी तिची वाटणी होते. आणि अनेक कंपन्यांत प्रवाशाने काउंटरवर जाऊन "मला हे द्यायचं नाही" म्हटलं तर ती काढूनही टाकतात. सगळी गंमत इथेच आहे.

आमच्या बरोबर जळगाव-धुळ्याची तेवीस माणसं होती. शेवटच्या संध्याकाळी खात्याचा कागद हातात आला आणि एकच गिल्ला झाला. "हाई काय शे?" म्हणून एक दादा कागद नाचवायला लागले. मग कोणीतरी बातमी आणली की काउंटरवर सांगितलं की कापतात. झालं! रेशनच्या दुकानापुढे लागावी तशी रांग लागली. त्यात शेती असलेले होते, सराफीतले होते, दोन निवृत्त प्राध्यापक होते. पैसे कोणाला जड नव्हते असं मी म्हणत नाही. पेन्शनवर जगणाऱ्याला नऊ हजार म्हणजे नऊ हजार. पण त्याच मंडळींनी आधी सिंगापुरात तेवढ्याचे मसाजचे पट्टे घेतले होते, हेही मी पाहिलं होतं.

आता ह्यातली खरी गोष्ट सांगते. आमच्या टेबलावर वाढायला सावंतवाडीकडचा एक मुलगा होता. मराठी बोलणारा पोरगा मिळाला म्हटल्यावर आमच्या बायकांना आभाळ ठेंगणं झालं. तो जैनांना कांदा-लसणाशिवायचं आणून द्यायचा, म्हाताऱ्यांना मऊ भात आणून द्यायचा, "काकू, आज वांगं बरं झालंय" असं कानात सांगायचा. सगळ्यांनी मिळून त्याच्यासाठी साडेचार हजार रुपये जमवले, वर केळीचे वेफर्स आणि बिबड्याचे पापड. हे चांगलंच झालं. पण जमवणारे बहुतेक तेच, जे काउंटरवरून कापून आले होते. पाकीट देताना एक वहिनी कौतुकाने म्हणाल्या, "तिथलं काढून टाकलं रे आम्ही, म्हटलं तुलाच हातात द्यावं."

पोराचा चेहरा उतरला. हळूच म्हणाला, "काकू, मला नाही दिलंत तरी चालेल, पण ते कापू नका. ते सगळ्यांचं असतं."

मग त्याच्याकडून थोडं समजलं, थोडं मी घरी आल्यावर वाचलं. काही कंपन्यांचा नियम असा आहे की ज्या प्रवाशाने खात्यातली टिप काढून टाकली, त्याने हातात दिलेली रोख रक्कमही नोकराने सामाईक पेटीत जमा करायची. म्हणजे "मी थेट हातात देतो" ह्यात आपण समजतो तेवढं थेट काही असेलच असं नाही. आणि नसला तरी, आमची खोली दिवसातून दोनदा आवरणारा इंडोनेशियाचा मुलगा होता, त्याचं काय? तो मराठी बोलत नव्हता एवढाच त्याचा दोष. तेवीस जणांत त्याच्या छातीवरचं नाव वाचलेली माणसं मला तरी दोनच माहीत आहेत. भटारखान्यात पीठ मळणारा तर कोणाला दिसलाच नाही.

मी तीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवला. जहाजावर चढताना मी मागच्या बाजूला लिहिलेलं बंदराचं नाव वाचलं : नासाऊ. बहामाची राजधानी! फिरतंय सिंगापूर-मलेशियाच्या पाण्यात, नोकर भारत, इंडोनेशिया, फिलिपिन्सचे, प्रवासी जळगावचे, आणि जहाजाचं गाव अमेरिकेजवळच्या एका बेटावर. बहामा, पनामा, बर्म्युडा असल्या देशांत जहाज नोंदवलं की त्यावर त्या देशाचा कायदा चालतो. प्रवासी ज्या देशाचे त्या देशाचा किमान वेतनाचा कायदा मग त्या नोकराला लागू होत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००६ साली सागरी कामगारांसाठी करार केला, तो २०१३ मध्ये अमलात आला, भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यात विश्रांतीचं माप दिलंय : चोवीस तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७. आठवड्याचे तास १६८. वजाबाकी करून पाहा. आठवड्याला ९१ तास काम घेतलं तरी ते ह्या मापात बसतं. रविवार नाही, सण नाही, सहा सहा, नऊ नऊ महिन्यांचा करार. बांधलेला पगार थोडा आणि उरलेलं ह्या टिपेतून, अशीच पुष्कळ जहाजांवर मांडणी असते. ती आली अमेरिकेतून. तिथे टिप घेणाऱ्या नोकराला मालकाने द्यायचा किमान मजुरीचा केंद्रीय दर १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर तसाच आहे. बाकीचं गिऱ्हाइकाने बघायचं.

म्हणून माझं मत असं की टिप हा शब्दच इथे फसवा आहे. आपण टिप म्हणजे खूश होऊन दिलेलं बक्षीस समजतो. जहाजावरचं हे प्रकरण बक्षिसापेक्षा आपल्या दिवाळीच्या पोस्तीच्या जवळचं आहे. पोस्टमन, झाडूवाली, गुरखा ह्यांना आपण पोस्त देतो तेव्हा "यंदा तुझं काम मला तितकंसं आवडलं नाही" म्हणून कोणी नाही म्हणतं का? ती त्यांची ठरलेली असते. न दिली तर आपल्यालाच ओशाळं वाटतं.

त्याहून जवळचं उदाहरण सालदाराचं. माझ्या वडिलांकडे धुळे तालुक्यात शेती होती. पाडवा-आखाजीच्या सुमारास सालदाराचं साल ठरायचं : इतके रुपये, इतकी ज्वारी, पोळ्याला कपडे, पायात जोडा. कपडे आणि जोडा ही मालकाची कृपा नव्हती, तो सालाचाच भाग होता. एखादा शेतकरी साल ठरवताना "पोळ्याला कपडे देतो ना" म्हणून रक्कम कमी करायचा आणि पोळा आला की "यंदा कापूस कुठे पिकला?" म्हणून कपडे टाळायचा. अशा माणसाला गावात काय म्हणत ते इथे लिहिता येत नाही.

बलुतेदारीचंही उदाहरण देतात. सुताराला, लोहाराला खळ्यावर धान्य मिळायचं, तो हक्क होता, हे खरं. पण मला ते उदाहरण गोड करून सांगवत नाही. हक्क म्हटलं तरी माप देणाऱ्याच्या हातात होतं, आणि महारा-मांगांच्या वाट्याला हक्काबरोबर काय काय आलं ते दया पवारांच्या 'बलुतं'ने (१९७८) सगळ्या महाराष्ट्राला वाचायला लावलं. माणसाची रोजी दुसऱ्याच्या मर्जीवर टांगलेली असली की त्याला हसावंच लागतं. तो सावंतवाडीचा मुलगा तीन दिवस सारखा हसत होता. त्यातलं किती मनापासून आणि किती पोटासाठी, हे मला कळलं नाही, आणि विचारण्याचा अधिकार मला होता असं वाटत नाही. मला तरी मर्जीवरच्या टिपेपेक्षा आपोआप पडणारी रक्कम बरी वाटते. तिच्यात निदान कोणाच्या हसण्याचं मोल होत नाही.

माझा धुळ्याचा भाचा वकील नाही पण वकिलाचा बाप आहे. तो म्हणाला, "मावशी, हॉटेलने सर्व्हिस चार्ज सक्तीने लावायचा नाही असं २०२२ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलंय, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलंय. मग जहाजवाल्यांचं का ऐकायचं?" मुद्दा बरोबर आहे. जळगावच्या हॉटेलात असा चार्ज दिसला तर मीसुद्धा काढायला लावीन, कारण तो वाढप्यापर्यंत पोचतो की मालकाच्या गल्ल्यात राहतो हे मला ठाऊक नाही आणि वाढप्याच्या पाठीशी इथला किमान वेतन कायदा आहे, कागदावर का होईना. बहामाच्या झेंड्याखालच्या पोरामागे तेवढंही नाही. काढून टाकता येतं हे खरं. काढावं का, हा निराळा प्रश्न.

भाच्याची दुसरी तक्रार मात्र मला शंभर टक्के मान्य. हा पगार मालकाने का देऊ नये? द्यायलाच हवा. जाहिरातीत भाडं मोठ्या आकड्यात नि स्वस्त, आणि मग बंदराचा कर, ग्रॅच्युइटी वगैरे खाली बारीक अक्षरात, ही लबाडीच आहे. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ पासून ही वेगळी रक्कम बंद करून भाड्यातच धरली. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं. पण हे भांडण मालकाशी आहे ना? मग ते बुकिंग करताना भांडा, कंपनीला पत्र लिहा, दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढा. शेवटच्या संध्याकाळी कापलं तर मालकाचं काही जात नाही. सालावर रागावून सालदाराचा जोडा ठेवून घेण्यातला प्रकार तो.

आता व्यवहाराचं. तिकीट काढतानाच विचारा, "ग्रॅच्युइटी धरली आहे का?" आपल्याकडच्या बऱ्याच सहल कंपन्या ती पॅकेजमध्ये धरतात, काही वेगळी गोळा करतात. दोनदा देऊ नका. धरली नसेल तर तो भाड्याचाच भाग समजून हिशेब करा. परवडत नसेल तर खिडकी नसलेली खोली घ्या. समुद्र वरच्या मजल्यावरूनही तोच दिसतो, आम्ही तसाच पाहिला. सेवा खरोखर वाईट असेल तर त्याच दिवशी तक्रार करा, म्हणजे सुधारायला वाव राहतो. वर काही द्यावंसं वाटलं तर उतरायच्या आदल्या रात्री, त्या माणसाचं नाव घेऊन, पाकिटात द्या. सकाळी सगळ्यांचीच धावपळ असते. रुपयांच्या नोटा इंडोनेशियाच्या मुलाला देऊ नका, आणि कुठल्याच देशाची नाणी देऊ नका, परदेशात ती बदलून मिळत नाहीत. लहान डॉलरच्या नोटा जवळ ठेवा. पापड-वेफर्स जरूर द्या, पण पैशांच्या ऐवजी नव्हे. आणि कृपा करून देताना फोटो काढू नका! आमच्यातल्या एकांनी काढला, ग्रुपवर टाकला, खाली बावीस अंगठे आले.

माझी धाकटी नणंद आणि तिचे यजमान मार्गशीर्षात मुंबईहून गोव्याच्या जहाजाने निघालेत. ग्रॅच्युइटी भाड्यात आहे की नाही हे एजंटाला लेखी विचार, असं तिला सांगितलंय. तो म्हणे "तिथे गेल्यावर बघू" म्हणतोय. आज संध्याकाळी मीच त्याला फोन करणार आहे.