पाठीला मलम लावण्याआधी पोत्याचं वजन विचारा

संध्याकाळी वस्तीतल्या कुठल्याही गल्लीतून जा, एखाद्या घरातून तरी मलमाचा वास येतोच. दारात पालथा पडलेला बाप आणि त्याच्या पाठीवर पाय देत उभं असलेलं लेकरू. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "काही नाही, अंग धरलंय. उद्या मार्केट आहे."

हे "काही नाही" म्हणणं आता थांबवलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

उन्हाळा लागला की आपल्या जिल्ह्यात हळदीचा हंगाम भरात येतो. हिंगोलीचं संत नामदेव मार्केट यार्ड आणि वसमतचा मोंढा पिवळा होतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जिल्ह्याचं नाव झालं, आनंदच आहे. पण ही हळद गाडीतून काट्यावर, काट्यावरून थप्पीला आणि थप्पीवरून ट्रकमध्ये जाते ती माणसाच्या पाठीवरून. त्यातल्या कितीतरी पाठी आपल्या घरातल्या आहेत.

एक साधा हिशेब करू. सोळा टन मालाच्या ट्रकमध्ये पन्नास किलोचे ३२० कट्टे बसतात. चार जणांच्या टोळीने तो भरला तर एकेकाच्या वाट्याला ८० कट्टे, म्हणजे चार टन वजन. दिवसात असे दोन ट्रक भरले तर आठ टन. तेही फळीवरून चढत, उन्हात आणि हळदीच्या धुळीत.

मणक्यांच्या मध्ये मऊ गादी असते. कमरेत वाकून, अंगाला पीळ देऊन ओझं उचललं की सगळा दाब त्या गादीवर येतो. वर्षानुवर्षं हे चाललं की गादी झिजते, सरकते, नस दाबली जाते. मग कमरेतून पायापर्यंत कळ जाते, पायाला मुंग्या येतात. डोक्यावर ओझं घेणाऱ्याची मान जाते, फळीवर चढणाऱ्याचे गुडघे जातात. जोर लावून काहींना जांघेत हर्निया होतो आणि लाजेपायी ते सांगत नाहीत. पोटात असताना किंवा बाळंतपणानंतर लगेच जड ओझं उचलणाऱ्या बाईचं अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो. तीही कुणाला सांगत नाही.

यावर आपला इलाज काय? मेडिकलमधून दुखण्याची गोळी. उन्हात घाम गाळून अंगातलं पाणी आटलेलं असताना रोज अशी गोळी खाल्ली तर किडनीवर घाव बसतो. दुसरा इलाज संध्याकाळी गुत्त्यावर मिळतो. पंचशीलातलं पाचवं शील आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि दारूने घरं बसतात हेही आपण पाहतो. पण दिवसभर चार टन वाहून आलेल्या माणसाला फक्त शील सांगायचं आणि त्याच्या पाठीबद्दल एक शब्द काढायचा नाही, हे मला पटत नाही. दारू सोडवायची असेल तर दुखणंही कमी करावं लागेल.

पुण्याच्या नाना पेठेत डॉ. बाबा आढाव दवाखाना चालवत. तेच पुढे हमालांचे पुढारी झाले, त्यांनी हमाल पंचायत उभी केली. एक डॉक्टर हमालांची संघटना बांधतो, यातच सगळं आलं. पोतं तेवढंच जड राहिलं तर औषध किती दिवस पुरणार? क्विंटलच्या पोत्याऐवजी पन्नास किलोचा कट्टा यावा यासाठी हमालांना लढावं लागलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही १९६७ मध्ये सांगितलं आहे की, प्रौढ पुरुषाच्या अंगावर ५५ किलोपेक्षा जास्त वजन देऊ नये आणि बाईला त्याहून बरंच कमी द्यावं. म्हणून कुणी साठ-सत्तर किलोचं पोतं भरून "उचल" म्हणत असेल, तर नाही म्हणणारा माणूस आळशी नव्हे, शहाणा आहे.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कारखान्यातल्या कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ करण्याचं विधेयक त्यांनी मांडलं. कामगाराचं शरीर मालकाच्या मर्जीवर सोडायचं नाही, हा त्यामागचा विचार. हमालांसाठी महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. मंडळाकडे नोंद झालेल्या कामगाराला मजुरीबरोबर भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे यांचा हक्क मिळतो. त्यासाठी मालकाला मजुरीवर लेव्ही भरावी लागते. पण नोंदच नसेल तर कायदा कागदावर राहतो आणि पाठ गेलेला माणूस रिकाम्या हाताने घरी बसतो.

म्हणून काही कामं आपणच करू. आपली टोळी नोंदलेली आहे का, हे मुकादमाला आणि कामगार कार्यालयात विचारा. पन्नास किलोच्या वरचं पोतं एकट्याने उचलायचं नाही, हे टोळीने मिळून ठरवा. एकटा बोलला तर त्याचं काम जाईल, टोळी बोलली तर ऐकावं लागेल. ओझं अंगाशी धरा, गुडघ्यात वाका, वळायचं तर पाय वळवा, कंबर पिळू नका. नाकातोंडाला रुमाल बांधा. तहान लागायची वाट न पाहता पाणी प्या, त्यात कधी मीठ-साखर घाला. दुखणं पायात उतरलं, पाय बधिर झाला तर जिल्हा रुग्णालयात दाखवा. लघवी-संडासवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी जा, उशीर झाला तर पाय कायमचा जाऊ शकतो. डॉक्टरांना "कंबर दुखते" एवढंच सांगू नका. रोज किती पोती, किती किलोची, किती वर्षं, हे सांगा.

पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर दहा मिनिटं एवढाच विषय काढा. हमाली करणाऱ्या प्रत्येकाला विचारा, तुझं पोतं किती किलोचं? आकडे वहीत लिहा. ती वही घेऊन बाजार समितीत दोन माणसं गेली, तर बोलणं तिथून सुरू होईल.